विजासनच्या पोकळीतून

देवा, ज्यांनी तुझ्या नावाचा आधार न घेता माणसाला दुःखातून वाट दाखवली, त्यांच्या घरात बसून मी तुला हाक मारतो आहे. ही हाक तू ऐकशील, अशी माझी खात्री आहे. घुग्घुसहून ताडाळीमार्गे भद्रावतीला आलो, गावाबाहेरच्या विजासन टेकडीशी आलो, चपला बाहेर काढल्या आणि डोंगराच्या पोटात शिरलो. समोर बुद्ध बसले आहेत. त्यांच्यासमोर बसायला मला कोणी अडवलं नाही, तसं मागायलाही कोणी अडवलं नाही. फक्त माझ्या सोबत्यानं दारातच सांगितलं, "भाऊ, इथं मागाचं नसते. बसाचं असते."

मी म्हणालो, "तू बस गा. मी मागतो."

तो हसला आणि भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसला. देवा, आम्ही दोघं एकाच खदानीत, एकाच शिफ्टला वर्षानुवर्षं उतरलो. त्याचे वडील 16 ऑक्टोबर 1956 ला बंडी जुंपून चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, गेले होते. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब चांद्याला आले, त्या दिवशी. त्या माणसांनी 22 प्रतिज्ञा घेतल्या आणि त्यांत एक अशीही आहे की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही. म्हणून मी इथं बसून बुद्धांना तुझ्या खात्यात घालणार नाही. आमच्याकडच्या कीर्तनांत ते फार सहज घातले जातात. माझ्या सोबत्याच्या बापानं ज्या गोष्टीसाठी कमरेत बळ आणून मान वर केली, ती गोष्ट मी प्रेमानंसुद्धा पुसणार नाही. ते ते आहेत आणि तू तू आहेस. मी तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत बसत बसत मोठा झालेला माणूस. त्या प्रार्थनेत माझ्या शेजारी कोण बसलं आहे हे विचारायची पद्धत नव्हती. ती सवय तू माझ्यात शाबूत ठेवलीस, त्याबद्दल आधी हात जोडतो. मग मागतो.

देवा, मी भूमिगत खदानीतला माणूस. सरदार होतो, माइनिंग सरदार. शिफ्ट लागण्याआधी आत जायचं, वायू आहे का बघायचं, छत ठोकून बघायचं, आणि सगळं ठीक असेल तर कोळशाच्या भिंतीवर खडूनं तारीख घालून सही करायची. त्या सहीच्या भरवशावर मागून माणसं येत. म्हणून मी या लेण्यात शिरलो तेव्हा आधी बुद्धांकडे बघितलं नाही, वर बघितलं. इतकी वर्षं तेच केलं. मान वर जाते ती अजूनही जाते.

आणि देवा, जे बघितलं त्यानं मी जागीच थांबलो. मला हे घर ओळखीचं वाटलं. डोंगरात सरळ आत नेलेली एक गॅलरी, 71 फूट. दीडशे वर्षांपूर्वी कनिंगहॅम नावाच्या पुरातत्त्वाच्या साहेबानं मोजून लिहिलेली. तिच्या शेवटी एक खोली आणि खोलीत बाकावर बसलेले भव्य बुद्ध. आणि त्या मुख्य गॅलरीला काटकोनात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे, आणखी दोन गॅलऱ्या. त्यांच्याही टोकाला एकेक खोली, एकेक मूर्ती. लोक याला लेणं म्हणतात, विहार म्हणतात. मला त्यात माझ्या कामाचा नकाशा दिसला. सरळ जाणारा मुख्य रस्ता, त्याला काटकोनात फुटणारे फाटे, आणि मधे सोडलेला जिवंत दगड, जो वरचं सगळं वजन अंगावर घेतो. आम्ही त्याला पिलर म्हणतो. हे करणाऱ्याच्या हाती छिन्नी-हातोडा होता आणि दिवा होता. आमच्या हाती ड्रिल होतं, बारूद होती आणि टोपीला बांधलेला कॅप लॅम्प होता. पण डोक्यावर डोंगर घेऊन, पाठ वाकवून, अंधारात पुढे पुढे सरकणारा माणूस तोच होता.

मी बोटांच्या सांध्यांनी छत ठोकून बघितलं. काठी नव्हती, असती तर काठीनं ठोकलं असतं. चांगलं छत टणक वाजतं, खणखणीत. सुटलेलं छत ढोलासारखं घुमतं, आणि ते घुमलं की आम्ही माणसांना मागं काढतो. विजासनचं छत टणक वाजलं. मी जागा बदलून पुन्हा ठोकलं, फाट्याच्या तोंडाशी ठोकलं, जिथं दोन रस्ते मिळतात आणि छत सगळ्यात आधी दगा देतं. तिथंही टणक. देवा, किती शतकं झाली असतील? कोणी ही लेणी सातवाहनांच्या काळात नेतं, कोणी त्यानंतरची मानतं. पण घे, कमीत कमी धरली तरी हजार वर्षांच्या वर झालीच. इतके पावसाळे वरून गेले. आणि ज्यानं हे खणलं त्याला माहीत होतं की किती काढायचं आणि कुठं थांबायचं.

मग मी बुद्धांकडे बघितलं. झिजलेले आहेत. नाकाचा, ओठांचा कोरीवपणा काळानं आणि माणसांच्या हातांनी घासला आहे. पण बैठक हललेली नाही. आणि मला उमगलं की ही मूर्ती कोणी बाहेरून आणून इथं बसवलेली नाही. भोवतालचा दगड काढत काढत आत आले, आणि जो काढायचा नव्हता तो ठेवला, ते हे बुद्ध. हे समजायला मला पुस्तक वाचावं लागलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर जमिनीतून काढलंच आहे, त्याला न काढलेल्या दगडाची किंमत कळते.

देवा, आता मागण्याकडे येतो.

आमच्या घुग्घुसला ऑगस्ट 2022 मध्ये आमराई वॉर्डात एक घर जमिनीत गेलं. तुला माहीत आहे, तू बघितलं आहेस. तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय माझं मन हलकं होत नाही. पावसाचे दिवस होते. जमीन हादरल्यासारखं झालं, घरातली माणसं धावत बाहेर पडली, आणि बघता बघता भिंती, छप्पर, भांडी, कपाट, सगळं एका खड्ड्यात उतरलं. वरून वाकून बघावं तर तळ लागेना. खाली जुन्या काळची भूमिगत खदान होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं रिकामी करावी लागली. माणूस वाचला ही तुझी कृपा, हे मी रोज म्हणतो. पण त्या घरातल्या बाईनं काय काय जमवलं असेल! लग्नातली पितळेची भांडी, पोरांची शाळेची प्रमाणपत्रं, भिंतीवरचे फोटो. घर पडलं तर माणूस विटा तरी उचलतो, मलबा उकरून एखादी वस्तू काढतो. इथं काही हाती लागलं नाही. घर होतं ती जागाच उरली नाही.

दोन पोकळ्या आहेत, देवा. एक इथली आणि एक तिथली. मधे जेमतेम काही कोसांचं अंतर. दोन्ही माणसाच्या हातांनी केलेल्या. एकीत अजून बसता येतं आणि दुसरीनं वरचं घर गिळलं. मी इथं बसल्यापासून हा एकच विचार करतो आहे.

भूमिगत खदानीचं काम कसं चालतं ते तुझ्यापुढं ठेवतो, म्हणजे माझं मागणं नुसतं हळहळणं होणार नाही. आधी कोळशात गॅलऱ्या पाडतात, आडव्या-उभ्या, आणि मधे चौकोनी पिलर सोडतात. पिलर आहेत तोवर वरची जमीन उभी असते. पुढं वेळ येते तेव्हा पिलरही काढायला घेतात, त्याला आम्ही डीपिलरिंग म्हणतो. पिलर काढला की मागचं छत पाडून देतात, तो पडलेला भाग म्हणजे गोफ. वर रान असेल, माळ असेल, तर जमीन खचते आणि तेवढ्यावर भागतं. पण वर वस्ती असेल, रेल्वे असेल, नदी असेल, तर तसं चालत नाही. पिलर जागच्या जागी ठेवावे लागतात, किंवा काढले तर त्या पोकळीत पाण्याबरोबर रेती भरावी लागते. रेती आत बसते, पाणी निथळून उपसलं जातं, आणि जमिनीला पुन्हा आधार मिळतो. खर्चाचं काम आहे आणि वेळखाऊ आहे. म्हणून ते आधी टळतं. वर घर आणि खाली नकाशात नसलेली पोकळी, असं जिथं जिथं आहे तिथं तिथं कोणीतरी एके काळी हे काम टाळलेलं आहे, असं मी माझ्या अनुभवावरून म्हणतो.

तर माझं पहिलं मागणं हे. ज्या ज्या माणसाच्या हाती खदान बंद करण्याचा कागद येईल, त्याला नकाशा खरा ठेवण्याची बुद्धी दे. जिथवर खणलं तिथवर रेघ ओढण्याची, आणि पिलर काढला असेल तर काढला असं लिहिण्याची. त्या रेघेवर पुढच्या पिढीतलं कोणीतरी घर बांधणार असतं. त्यांची पोरं तिथं रांगणार असतात.

देवा, तू या मातीत कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून आधी ठेवलास. तेव्हा इथं दलदलीतली रानं होती, ती गाडली गेली, दबली, काळी झाली. आम्ही ती दीडशे वर्षांत बाहेर काढायला बसलो आहोत. मी कोळशाच्या विरोधात बोलणार नाही. माझं घर त्याच्यावर चाललं, पोरींची लग्नं त्याच्यावर झाली, आणि देशाच्या घरोघरचे दिवे त्यानं लावले. पण 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली तेव्हा आमचा चंद्रपूर पट्टा चौथ्या नंबरला होता, आणि आमचं घुग्घुस त्याच पट्ट्यात येतं. वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी झटकलं की काळा भुगा पडतो. लहान पोरं रात्री खोकतात. त्यांच्या छातीतला तो आवाज मला ओळखू येतो, कारण तो मी माझ्या बरोबरीच्या म्हाताऱ्यांच्या छातीत ऐकला आहे. पोरांच्या छातीत तो येऊ देऊ नको.

माझा सोबती अजून डोळे मिटून बसला आहे. त्याचं बसणं बघून मला वाटतं की मागणंही बसल्यासारखंच करावं, गडबड न करता.

या भूमीत तुझ्याकडे आणि बुद्धांकडे दुःख घेऊन येणारे फार आधीपासून आहेत. नागपूरच्या संग्रहालयात एक शिलालेख आहे. भवदेव रणकेसरी या राजाच्या काळातला. आधी तो भांदकचा, म्हणजे याच गावचा मानला गेला. पुढं महामहोपाध्याय मिराशींनी तो छत्तीसगडातल्या आरंगचा असल्याचं दाखवलं. दगड कुठलाही असो, त्यातली कथा मला सोडत नाही. सूर्यघोष नावाचा एक राजा होता. त्याचा लाडका मुलगा राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मेला. त्या शोकात राजानं बुद्धांचं मंदिर बांधलं. ते पुढं मोडकळीला आलं आणि भवदेवाच्या काळी पुन्हा उभं केलं गेलं. राजाच्या पोराला कोणी ढकललं नव्हतं, शत्रूनं मारलं नव्हतं. पडला आणि गेला. मी खदानीत पडून गेलेली माणसं बघितली आहेत, देवा. छताचा एक चकता निसटतो, जेवणाचा डबा उघडायच्या आधी माणूस संपतो. त्याच्या बापाकडे मंदिर बांधण्याइतकं काही नसतं. तो दुसऱ्या दिवशी हजेरीबाबूसमोर उभा राहतो आणि कागदांवर अंगठा देतो. त्या बापांसाठी मी इथं, कोण्या अनामिकानं कोरलेल्या या बुद्धांसमोर, तुझ्याकडे मागतो. त्यांच्या दुःखाला सूर्यघोषाच्या दुःखाइतकीच जागा दे.

सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग दक्षिण कोसल देशात येऊन गेला. तिथला राजा बुद्धांना मानणारा आहे, शंभरेक संघाराम आहेत आणि जवळजवळ दहा हजार भिक्षू आहेत, असं त्यानं लिहून ठेवलं. कनिंगहॅमला त्या देशाची राजधानी आमच्या चांद्याकडे असावी असं वाटलं, आता बरेच अभ्यासक छत्तीसगडातल्या सिरपूरकडे बोट दाखवतात. ते त्यांनी ठरवावं. मी एवढंच धरतो की या रानातून भगव्या चीवरातली माणसं पायी चालत गेली आणि कुठंतरी त्यांना रात्रीचा आसरा लागला. त्या आसऱ्यासाठी कोणीतरी हा डोंगर आतून पोखरला. पोखरणाऱ्यानं कोळसा नेला नाही, सोनं नेलं नाही. दगडाचा चुरा बाहेर टाकला आणि आत माणसाला बसायला जागा केली. आमच्या पोखरण्याला असं काही फळ येऊ दे. खुल्या खदानींचे मातीचे डोंगर आमच्या गावाभोवती उभे आहेत. त्यांच्यावर झाडं लागू दे, आणि खड्ड्यांत पाणी साचलं तर ते गुराढोरांना पिता येईल असं राहू दे.

आमच्याच जिल्ह्यात नागभीडकडे देवटेकला एक दगड सापडला होता. अशोकाच्या काळच्या लिपीत त्यावर जनावरांना धरू नये, मारू नये अशी आज्ञा आहे. त्याच दगडावर पुढं वाकाटक राजा रुद्रसेनानं आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरवला आणि पहिल्या अक्षरांतली काही पुसली गेली. तरी आज्ञा वाचता येते. ती ज्या जिल्ह्यात दिली गेली त्याच जिल्ह्यात आज वाघ आणि माणूस एकमेकांच्या वाटेत येतात. मोहफुलं वेचायला गेलेली बाई परत येत नाही, आणि मग गाव वाघाच्या जिवावर उठतं. देवा, बाईलाही राख, वाघालाही राख. यापुढं मला काही सुचत नाही. जे रानात राहतात त्यांनाच यातून मार्ग दाखव, त्यांच्यावर वरून हुकूम नको.

भद्रावतीवर तुझी नजर राहू दे. या एका गावात बुद्ध डोंगरात आहेत, पार्श्वनाथ मंदिरात आहेत, भद्रनाग आपल्या देवळात आहे, गवराळ्याला गणपती आहे. डोलारा तलावातला जुना दगडी पूल अजून आहे. श्रावणात नागाला दूध घेऊन जाणारी बाई आणि बुद्धपौर्णिमेला मेणबत्ती घेऊन इथं येणारी बाई एकाच बाजारात भाजी घेतात. त्यांच्यात भांडण लावायला कोणी आलं तर त्याला रिकाम्या हातानं परत पाठव. इथल्या मूर्तींचे तुटलेले अवयव कोणाच्या हातून तुटले ते मी विचारणार नाही. पण यापुढं तुटू देऊ नको. पोरं भिंतीवर खिळ्यानं नावं कोरतात, जोडीची, बदामाची. त्यांचा राग येतो मला, पण त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांना सांगायला शाळेतला एखादा मास्तर दे, जो पोरांना घेऊन येईल आणि गॅलरीच्या तोंडाशी उभा करून म्हणेल की आत चला, हळू बोला, आणि हे कोणी कसं केलं असेल ते सांगा पाहू.

माझ्यासाठी म्हणून फारसं मागायचं नाही. गुडघे दुखतात, ते दुखतीलच. पोरी आपापल्या घरी बऱ्या आहेत. एक मात्र मागतो. मी ज्या ज्या भिंतीवर खडूनं सही केली, तिथून मागून आलेला माणूस माझ्या भरवशावर आला. त्या माणसांतले बरेच आता तुझ्याकडे आले आहेत, वयानं, आजारानं. त्यांना विचार, मी नीट बघायचो का. आणि ते काय म्हणतात ते मला तिकडे आल्यावर सांग.

सोबत्यानं डोळे उघडले आहेत. "झालं का गा तुझं?" म्हणतो आहे. थोडं राहिलं आहे म्हणून सांगितलं. तो पाण्याची बाटली पुढं करून पुन्हा बसला.

आता शेवटचं. घुग्घुसात, आणि वणी-राजूर-माजरी-बल्लारपूर या आमच्या साऱ्या पट्ट्यात, जिथं जिथं वर घर आहे आणि खाली जुनी पोकळी आहे, तिथं पुढच्या पावसाच्या आत कोणीतरी बोअर मारून बघू दे. सापडली तर ती रेतीनं भरली जाऊ दे. ज्यांची घरं गेली त्यांना पक्की जागा, स्वतःच्या नावाचा सातबारा आणि दारात नळ मिळू दे. हे काम करायला जी पोरं येतील ती नवी असतील. त्यांच्याकडे यंत्रं असतील, पण जुन्या गॅलरीत पहिलं पाऊल टाकताना वर बघायचं असतं हे कदाचित त्यांना कोणी सांगितलेलं नसेल. देवा, त्यांच्यापैकी एकाच्या तरी मनात माझ्या दारावर येण्याचं घाल. मला अजून छत ठोकून सांगता येतं, टणक की पोकळ. हात थरथरत नाही. दिवसा बोलावलं तर दिवसा जाईन, रात्रपाळीला बोलावलं तर रात्री.